षड्ज कुठे गेला?

मोझार्टच्या नावावर क्रमांक पडलेल्या ४१ सिंफनी, म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या रचना, आहेत. त्यांतल्या मायनरमधल्या, म्हणजे ढोबळमानाने कोमल गंधाराच्या, दोनच: पंचविसावी आणि चाळिसावी. दोन्हींचा षड्ज, म्हणजे सा, पेटीवरची पांढरी पाच. गंमत म्हणजे नेमक्या ह्याच दोघी आपल्या घरांत येऊन गेल्यात. पंचविसावी आली टायटन घड्याळाच्या जाहिरातीतून. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या कुणालाही ती धून गुणगुणता येते, पण साल्झबुर्गमधल्या सतरा वर्षांच्या पोराने ती १७७३ साली लिहिली हे फार थोड्यांना ठाऊक असतं. चाळिसावी आली सलील चौधरींचं बोट धरून. ‘छाया’ (१९६१) मधलं तलत-लताचं ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ तिच्याच सुरुवातीवर बेतलेलं आहे. मूळ सिंफनी १७८८ची.

तेव्हा ‘ते पाश्चात्त्य शास्त्रीय वगैरे आपल्याला नाही बुवा कळत’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. कान तयार असतो. तो लावायचा कुठे, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं. ओळख करून देणारी पुस्तकं बरोक, क्लासिकल, रोमँटिक अशा कालखंडांपासून सुरू होतात. मग वाद्यवृंदाची चित्रं, कुठलं वाद्य कुठे बसतं, मग टोप घातलेल्या पुरुषांची चरित्रं. शंभर पानं झाली तरी ऐकायला काही सुरुवात होत नाही. माझा सल्ला एका ओळीचा आहे: चालीचा नाद सोडा, तळाचा सूर धरा.

हे आपल्याला जड जातं आणि त्याचं कारण साधं आहे. ख्याल ऐकताना तानपुरा पार्श्वभूमीला असतो, पेटी किंवा सारंगी गायकाच्या मागे मागे जाते आणि आपला सगळा जीव त्या एका गळ्यात गुंतलेला असतो. ही सवय घेऊन आपण सिंफनी लावतो. पहिल्या व्हायोलिनांनी एक छान चाल धरली की आपण खूश. दोन मिनिटांत ती चाल तुकडे होऊन नाहीशी होते, तिच्या जागी नुसती धावाधाव सुरू होते आणि आपला हात मोबाइलकडे जातो. खरं तर मजेला तिथेच सुरुवात झालेली असते, फक्त ती खाली चाललेली असते.

खालचं ऐकायची सवय लावायला पाखेलबेलचा कॅनन बरा. सतराव्या शतकातला हा जर्मन ऑर्गनवादक आज एवढ्या एकाच रचनेसाठी लोकांना माहीत आहे, आणि लग्नाच्या व्हिडिओपासून लिफ्टपर्यंत तिची पुरती वाट लावलेली आहे. तरी ऐका, पण व्हायोलिनांकडे लक्ष न देता. तळाशी चेलो, व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, आठ सूर वाजवतो: सा प ध ग म सा म प. पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटपर्यंत अठ्ठावीस वेळा तेच, एकाही सुराचा फरक नाही. चेलोवाले ह्या रचनेला का वैतागतात ते लगेच कळेल. वर तीन व्हायोलिनं एकच चाल दोन-दोन बारच्या (बार म्हणजे तालाचं एक छोटं माप) अंतराने एकामागून एक धरतात. एकट्या तबल्याच्या मैफलीत पेटीवर लेहरा चालू असतो ना, तसं हे आहे. लेहरा मनात पक्का बसला की तबलजी काय करामती करतोय ते दिसायला लागतं. इथेही ते आठ सूर मनात फिरायला लागले की वरची तिन्ही व्हायोलिनं आपोआप वेगवेगळी ऐकू येतात.

आता पेटी असेल तर एक करून बघा. वरचा सा धरून ठेवा. त्याच्या खाली सा-ग-प दाबा. मग ती बोटं काढून ध-सा-ग. मग म-ध-सा. वरचा सा तसाच वाजतोय, पण पहिल्यांदा तो स्वस्थ बसलेला असतो, दुसऱ्यांदा खिन्न होतो, तिसऱ्यांदा कुठेतरी निघाल्यासारखा वाटतो. सूर हललेला नाही, त्याच्याखालची जमीन हलली. ह्याला हार्मनी म्हणतात. त्याच्यावर जाडजूड ग्रंथ आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

माझी आत्या मिरजेला वाढली, तिथेच गाणं शिकली. तिला मी एका रविवारी बाख ह्या जर्मन संगीतकाराचं ‘वेल टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ ऐकवलं. १७२२ सालचा हा संग्रह म्हणजे बारा स्वरांपैकी प्रत्येकाला षड्ज करून, मेजरमध्ये (गंधार शुद्ध) आणि मायनरमध्ये, अशा २४ जोड्या: आधी एक प्रेल्यूड, म्हणजे प्रस्तावनेचा तुकडा, आणि त्याच्यामागून दुसरी रचना. त्यातला अगदी पहिला प्रेल्यूड, षड्ज पांढरी एक. दोन-सव्वादोन मिनिटांचा तुकडा. मी मुद्दाम हाच निवडला होता, कारण ह्यात चालच नाही. प्रत्येक बारमध्ये पाच सूर, तळापासून वर एकेक करून मोकळे केलेले, आणि तीच आकृती लगेच पुन्हा. पुढच्या बारमध्ये आकृती तीच, सूर वेगळे. जवळजवळ शेवटपर्यंत असंच.

आत्याने ऐकलं आणि म्हणाली, “हे अलंकार झाले. गाणं कुठाय?”

“आत्या, तू तानपुरा लाव ना ह्याच्याबरोबर.”

मिरजेचा तानपुरा गवसणीत होता. तो बाहेर काढून जुळवायचा म्हणजे अर्धा तास, त्यामुळे तिने फोनवरचा लावला. पांढरी एक. (तुम्ही करून बघणार असाल तर पियानोवरचं रेकॉर्डिंग घ्या. पियानोच्या आधीच्या हार्पसिकॉर्डवरची पुष्कळशी जुन्या पद्धतीने अर्धा सूर खाली लावलेली असतात, तानपुऱ्याशी जुळणार नाहीत.) पहिले चार बार छान जमलं. तळाचा सूर सा, सा, खालचा नि, सा. आत्याची मान हलायला लागली. सहाव्या बारमध्ये मध्ये कुठूनतरी तीव्र मध्यम आला.

“यमन,” आत्या म्हणाली.

पण तो यमन नव्हता. तळ खाली सरकत होता: नि, नि, ध, मग रे, मग अकराव्या बारला प. आणि त्या पंचमावर बाख असा काही येऊन बसला की जणू तोच षड्ज. मघाचा तीव्र मध्यम म्हणजे ह्या नव्या षड्जाचा शुद्ध निषाद होता. तानपुरा बिचारा जुनाच सा वाजवत राहिला आणि दोघांचं काही पटेना.

“अगं, षड्ज कुठे गेला ह्याचा?”

पाश्चात्त्य संगीताची ओळख म्हणून माझ्या मते हा एक प्रश्न बास आहे. आपल्याकडे मूर्च्छना असते, दुसऱ्या सुराला षड्ज मानून गायक क्षणभर वेगळा राग दाखवतो आणि टाळी घेतो. पण तेव्हाही तानपुरा आपला जुना सा सोडत नाही, किंबहुना तो सोडत नाही म्हणूनच ती गंमत. इथे तानपुराच उठून चालायला लागतो. कुठे जाईल, किती लांब जाईल, परत कुठल्या वाटेने येईल, ह्यावर दोन मिनिटांचा प्रेल्यूड उभा राहतो आणि पाऊण तासाची सिंफनीसुद्धा.

पुढचं ऐका. एकोणिसाव्या बारला बाख मूळ षड्जावर परत येतो, पहिल्या बारमधलाच सुरांचा गुच्छ, पण एक सप्तक खाली. तानपुरा पुन्हा जुळतो. वाटतं, संपलं. तर लगेच कोमल निषाद टाकून तो पुन्हा निघतो आणि तळाला मध्यम, तीव्र मध्यम, मग एकदम वर कोमल धैवत, मग पंचम. म॑ ध॒ प! आत्या ताडकन सरळ बसली. “हे पूरिया धनाश्रीतलं आहे.” आहेच. पूरिया धनाश्रीशी बाखचा संबंध असण्याचं काही कारण नाही, पण पंचमाला दोन्ही बाजूंनी अर्ध्या-अर्ध्या सुराने घेरून त्याच्यावर उतरलं की तो किती झळकतो, हे दोघांनाही माहीत होतं. मग तो पंचम तळाला सलग आठ बार ठिय्या देऊन बसतो. वर काय वाट्टेल ते चाललंय, खाली प, प, प. समेच्या आधीच्या तिहाईत जीव जसा ताणला जातो तसा इथे ताणला जातो. आठ बारनंतर खाली सा येतो आणि शेवटचे चार बार तिथून हलत नाही.

एकोणिसाव्या शतकात गुनो नावाच्या फ्रेंच संगीतकाराने ह्या प्रेल्यूडवर एक चाल बसवली. ती ‘आव्हे मारिया’ म्हणून जगभर गायली जाते. चर्चमध्ये ती ऐकायला बरी वाटते. पण ती एकदा कानावर पडली की तळ ऐकू येईनासा होतो, म्हणून प्रेल्यूड आधी ऐकावा.

बारापैकी कुठल्याही स्वराला षड्ज करता यायचा तर वाद्य तसं लावायला लागतं. एखादा गंधार शुद्ध ठेवायला गेलं की दुसरीकडे कुठलातरी पंचम बोंबलतो. म्हणून थोडी थोडी खोट सगळ्यांत वाटून द्यायची, हा पाश्चात्त्यांनी काढलेला तोडगा. आपल्या पेटीवर इतकी वर्षं जो राग काढला गेला तो ह्याच खोटीवर. पेटीत श्रुती नाहीत, पेटीचा गंधार चढा. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली आणि ती तीसेक वर्षं टिकली. पेटीविरुद्ध त्याआधी हिरिरीने लिहिणाऱ्यांत जॉन फाउल्ड्स नावाचा इंग्रज संगीतकारही होता, दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत बघणारा. आपल्या बाजूने त्याचं म्हणणं बरोबरच होतं. ज्याचा षड्ज हलणार नाही त्याने ही खोट का सोसावी? पण बाखला जागोजाग मुक्काम करायचा होता, त्याला ती परवडली.

आता पुन्हा मोझार्टच्या चाळिसावीकडे. पहिला भाग साधारण आठ मिनिटांचा. सुरुवात ओळखीची. थोड्या वेळाने एक बारकासा थांबा येतो आणि दुसरी, हळू उतरत येणारी चाल सुरू होते, थोडी व्हायोलिनांत, थोडी क्लॅरिनेट-बासूनमध्ये. तोवर षड्ज पांढरी पाचवरून काळी पाचवर गेलेला आहे, गंधार शुद्ध झालेला आहे, उजाडल्यासारखं वाटतं. पुढे मधला भाग येतो, त्यात तो पहिल्या चालीचे तुकडे हातात घेऊन षड्ज इतका भराभर फिरवतो की पकडायच्या फंदात पडू नये. मग पहिली चाल मूळ ठिकाणी परत. आणि मग ती दुसरी चाल येते, तीच, तशीच उतरत, पण ह्या वेळी पांढरी पाचवर आणि कोमल गंधार घेऊन. मघाशी जी गोष्ट हसत सांगितली होती तीच आता वेगळ्या तोंडाने सांगितली जाते. मला मोझार्टमध्ये ह्याच्याइतकं निर्दय काही आठवत नाही. ‘सोनाटा फॉर्म’ नावाखाली पुस्तकं ज्याचे तक्ते काढतात तो हाच प्रकार. तक्त्यात तो मृत वाटतो. ती दुसरी चाल पहिल्यांदा येते तेव्हा नीट मनात ठेवली, तर दुसऱ्यांदा तक्ता लागत नाही.

बेथोवनची पाचवी सगळ्यांना माहीत आहे, निदान तिचे पहिले चार ठोके. तिथेही हाच प्रश्न विचारून बघा. सगळी तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट एकच सूर वाजवतात, खाली आधाराला काही नाही. प प प ग॒ म्हणावं तर बसतं, आणि ग ग ग सा म्हणावं तरी तितकंच बसतं. षड्ज कुठला हे बेथोवन सांगतच नाही. थोडं पुढे गेल्यावर तो पांढरी एक आहे आणि गंधार कोमल आहे हे कळतं. पहिल्याच क्षणी पायाखालची फरशी काढून घेण्याचा हा उद्योग १८०८ साली, २२ डिसेंबरच्या संध्याकाळी, व्हिएन्नाच्या थिएटर आन डेअर वीनमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आला. कार्यक्रम चार तासांचा, थिएटर गारठलेलं, तालमी अपुऱ्या. त्याच रात्री सहावी सिंफनी, चौथा पियानो कॉन्चेर्टो आणि शेवटी गायकांसह एक फँटसी. ती मध्येच कोलमडली आणि थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. अशा रात्री त्या बैठकीला पाचवीचं काय कळलं असेल कोण जाणे.

पाचवीतली माझी जागा मात्र पहिल्या भागात नाही. तिसरा भाग संपत येतो, सगळं विरत जातं, फक्त तंतुवाद्यं एक लांब सूर धरून राहतात. तळाला कोमल धैवत. आणि टिंपनी, आपल्या नगाऱ्याची चुलत बहीण, अगदी हळू षड्ज ठोकत बसते. सुरुवातीच्या चार ठोक्यांचीच लय. ना पुढे जातं, ना मागे. मग तळ कोमल धैवतावरून पंचमावर उतरतो, व्हायोलिनं चाचपडत वर सरकतात, आवाज चढत जातो आणि न थांबताच चौथा भाग फुटतो: षड्ज तोच, गंधार शुद्ध, आणि इतका वेळ गप्प बसलेले ट्रॉम्बोन पहिल्यांदा तोंड उघडतात. तीन ट्रॉम्बोनवाले चांगली वीसेक मिनिटं मांडीवर वाद्य घेऊन ह्या क्षणासाठी बसलेले असतात. प्रत्यक्ष कार्यक्रमात त्यांच्याकडे बघावं, वाद्य उचलताना ते चुळबुळतात.

प्रत्यक्ष कार्यक्रमाचा विषय निघालाच आहे तर टाळ्यांबद्दल. सिंफनीचे चार भाग संपेपर्यंत टाळी वाजवायची नाही, असा आज दंडक आहे, आणि नवख्या माणसाला ह्या एका गोष्टीची सगळ्यांत धास्ती असते. ‘क्या बात है’ तर सोडाच. पण हा दंडक बराच नंतरचा आहे. मोझार्टने १७७८च्या जुलैत पॅरिसहून वडिलांना लिहिलंय, की लोकांना कुठली जागा आवडेल हे मला माहीत होतं, ती जागा आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सिंफनी चालू असताना. बेथोवनच्या सातवीचा दुसरा भाग १८१३ साली पहिल्याच प्रयोगात लोकांनी वन्स मोअर घेऊन पुन्हा वाजवून घेतला. बालगंधर्वांच्या प्रेक्षकांना हे सगळं अगदी घरचं वाटलं असतं. म्हणजे आपल्या आत दाद उसळून आली तर लाजायचं कारण नाही, फक्त हल्ली ती तोंडातल्या तोंडात द्यावी लागते. शेजारचे बघतात.

हार्मनी आपल्याला अगदीच परकी नाही, ह्याचं श्रेय गोव्याला द्यायला हवं. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून गावोगावच्या मुलांना दो रे मी, व्हायोलिन आणि नोटेशन शिकवत. ही मुलं मोठी होऊन मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन घेऊन बसली, काही अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यरचना लिहिणारी, झाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते त्यांच्याकडे. त्यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःचा भारतीय सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे प्यारेलालनी त्यांचं नाव एका गाण्यातून देशभर पोचवलं, पण त्या गाण्यावर नाचणाऱ्यांना गुरुजी कोण ते माहीत नव्हतं. शंकर-जयकिशनची गाणी हेडफोन लावून ऐका आणि लताकडे लक्ष देऊ नका, जमलं तर. मागे व्हायोलिनं जी दुसरीच चाल घेऊन चाललेली असतात, त्यांतलं पुष्कळसं सेबॅस्टियन डिसोझांचं लेखन. गाणं आपलं, तळ आणि मागची वीण तिकडची. कान तयार असतो असं मी म्हणते ते ह्यामुळे.

आत्या काही पूर्ण वश झालेली नाही. तिची तक्रार अशी की ह्यांच्याकडे सूर लागतो पण सुराला बसायला वेळच देत नाहीत, लगेच पुढचा. मींड नाही. दोन सुरांच्या मधली जागा ह्यांनी मोकळीच सोडलीय. हे खरं आहे आणि ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाखचे चेलोचे सूट, म्हणजे नाचांच्या तुकड्यांच्या माळा, ऐकवले तेव्हा ती जरा विरघळली, एकटं वाद्य, मोकळा खर्ज. ऑपेरा मात्र तिने तीन मिनिटांत बंद करायला लावला: “किती गं आवाज हलवतात!” नवख्याने ऑपेरापासून सुरुवात करू नये असं माझंही मत आहे. पाश्चात्त्य गळ्याची सवय व्हायला वाद्यांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. बेथोवनची नववीही राहू दे, तिचा शेवटचा भाग बहुतेक गाण्याचाच आहे.

मुंबईच्या आसपास असाल तर एनसीपीए ह्या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम होतात, २००६ पासून. पाचवी लागली की जा. तिकीट काढताना लोक व्हायोलिनं किंवा पियानिस्टचे हात दिसतील अशी जागा धरतात. तुम्ही जिथून डबल बास नीट दिसतील ती बाजू धरा, बहुधा रंगमंचाच्या उजव्या हाताची. माणसाहून उंच वाद्यं, त्यामागे उभी किंवा उंच स्टुलावर टेकलेली माणसं, अख्खी संध्याकाळ कुणी त्यांच्याकडे बघत नाही. तिसऱ्या भागाच्या मध्यावर मात्र चेलो आणि तेच आधी एकदम धावत सुटतात. बर्लिओझ ह्या फ्रेंच संगीतकाराला तिथे हत्ती बागडताना दिसले होते. बाकीचा वाद्यवृंद धापा टाकत त्यांच्या मागून येतो.